धुतलेले मास्क

पंचफुलाबाईंच्या हातून धुऊन निघालेल्या कपड्यावर डाग शोधायला बसलं, तर शोधणाऱ्याचेच डोळे दुखले असते. अकोल्यातल्या त्या वस्तीत बायकांचं एकमेकींशी नळावरून वाजायचं, वाळवणावरून वाजायचं, पण पंचफुलाबाईंच्या धुण्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. नवरा जानराव डाळमिलमध्ये कामाला, तुरीचं टरफल निघतं त्या यंत्रापाशी. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत पिवळट भुकटीनं माखून. माणूस घरात शिरायच्या आधी त्याचे कपडे बादलीत शिरत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस असा स्वच्छ होऊन मिलकडे निघे, की नवख्याला वाटावं हे मिलचे मुनीमजी असतील. जानरावला याचा मनातून अभिमान होता. तोंडावर मात्र त्यानं तो कधी दाखवला नाही, कारण बायकोचं कौतुक करायचं म्हणजे त्या पिढीच्या पुरुषांना दाढ उपटून दिल्यासारखं वाटे.

त्यांची थोरली संध्या. बी.एस्सी. झाली, लग्न होऊन अमरावतीला गेली आणि नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागली. कारखाना कापडाचाच, पण नेसायच्या-पांघरायच्या कापडाचा नव्हे, हवा गाळायच्या कापडाचा. तिथे प्लास्टिकचे दाणे वितळवत, गरम हवेच्या झोतानं त्यांचे केसाहून कितीतरी बारीक धागे उडवत आणि ते एकमेकांवर बसवून पांढऱ्या गुंडाळ्या करत. त्या गुंडाळ्यांचे मास्क व्हायचे. शेजारच्या शेडमध्ये याहून बारीक, नॅनो म्हणतात तसले धागे विजेच्या ओढीनं काढले जात. ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नसत, पण ते कापड महाग, मोठमोठ्या यंत्रांच्या फिल्टरसाठी बाहेर जायचं, मास्कच्या वाट्याला यायचं नाही.

संध्याचं काम तपासणीचं. यंत्रात कापडाचा तुकडा अडकवायचा, मिठाच्या पाण्याचा अगदी सूक्ष्म फवारा त्यातून सोडायचा आणि पलीकडे किती कण निसटले ते पाहायचं. कापड नापास झालं की अख्खी गुंडाळी परत. तिच्या सहीवाचून माल फाटकाबाहेर पडत नसे, आणि ही गोष्ट माहेरी आली की ती दोन-तीनदा तरी सांगत असे. सांगावी की. डाळमिलच्या कामगाराच्या पोरीची सही चालते, ही काही लपवून ठेवायची गोष्ट नव्हे.

बापाचा खोकला तिला लहानपणापासून ओळखीचा. पण मागच्या चार-पाच वर्षांत तो वाढला, जिना चढताना माणूस मधेच भिंतीला हात लावून उभा राहू लागला. संध्यानं कारखान्यातून मास्कची पाकिटं आणायला सुरुवात केली. कामगारांना ती स्वस्तात मिळत. पहिलं पाकीट आणलं तेव्हा तिनं बापाला समोर बसवून हौसेनं समजावलं, की बाबा, ही नुसती चाळणी नाही. कंगवा डोक्यावर घासला की त्याला कागदाचे कपटे येऊन चिकटतात ना, तशी या धाग्यांत वीज भरलेली असते. धूळ आपण होऊन येऊन चिकटते.

"शॉक तं नाई बसत ना?" जानरावनं विचारलं.

"नाही बसत, बाबा. दोन-तीन दिवस घाला, मग फेका आणि नवा काढा. मी पाकिटं आणत जाईन."

"हो बाई," जानराव म्हणाला.

फेका म्हटलं की धुवू नका हे वेगळं सांगावं लागतं, हे संध्याच्या डोक्यात आलं नाही. कारखान्यात तसं कुणाला सांगावं लागत नसे. आपल्या आईला ओळखूनही तिच्या डोक्यात ते आलं नाही. दर खेपेला ती पाकिटं घेऊन येई, आई ती उचलून आत ठेवी, बाप हो बाई म्हणे, आणि संध्या समाधानानं अमरावतीच्या बसमध्ये बसे.

यंदा दिवाळी झाली आणि थंडीत जानराव गेला. जठारपेठेतल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला होता. तीस वर्षांची धूळ आहे, म्हणाले, फुफ्फुसं आता काय काम करणार. शेवटच्या आठवड्यात त्याला बसल्या-बसल्याही दम पुरत नव्हता. तो गेला तेव्हा पंचफुलाबाई रडल्या, पण रडतानाही त्याच्या अंगावरचं पांघरूण मळलेलं नाही ना, हे त्यांनी हातानं चाचपून पाहिलं.

जानरावच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे स्मरणाचा, कार्यक्रम मिलमधल्या लोकांना सुटी असते म्हणून पुढल्या रविवारी ठेवला. मधे संध्याला दोन दिवस कामावर जाऊन येणं भाग होतं. निघायच्या दिवशी सकाळी आईनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्यापुढे उघडली. पेटीत मास्कची पाकिटं होती, एकावर एक रचलेली, न उघडलेली.

"हे पाय," आई म्हणाली. "तू आनलेले. सगये जपून ठेवले म्या. रविवारी मिलमधले लोक येतीन, त्यायले तुह्या बाबाच्या नावानं वाटू. दान होईन अन् त्यायच्या कामी बी येईन."

संध्यानं एक पाकीट उचलून पाहिलं. "मग बाबा कोणते घालायचे?"

"दोन-चार काढले होते ना. तेच. एक अंगावर, एक दोरीवर." आई जरा हसली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. "रोज धुवून देत होती म्या. कोमट पानी, अंगाचा साबन, अन् वाळवाचा सावलीत, म्हंजे पिवळा पडत नाई. चांगला धडधाकट मास्क कावून फेकाचा? तुह्या बाबाचा मास्क पाहून मिलमधले म्हनत, जानराव आजच दुकानातून घेऊन आला का."

आईनं घडी करून ठेवलेला एक मास्क संध्यानं मागून घेतला, बाबाची आठवण म्हणून. आईनं तो डोळे पुसत दिला.

नांदगाव पेठला पोचल्यावर तिनं तो मास्क यंत्रात अडकवला. काय दिसणार ते तिला ठाऊक होतं. साबणाच्या पाण्यानं धाग्यांतली वीज उतरते, कापड वरून तसंच दिसतं, उलट जास्तच पांढरं दिसतं, पण त्याचा गुण गेलेला असतो. तरी तिनं फवारा सोडला, कारण माणसाला ठाऊक असलं तरी आशा सुटत नाही. नवा मास्क असता तर शंभरातले पंच्याण्णवच्या वर कण अडले असते. हा निम्मेच अडवत होता. तिनं मास्क उलटा करून पुन्हा लावला. पुन्हा निम्मेच.

ती यंत्रापाशी स्टुलावर बसून राहिली. पलीकडच्या शेडमधून नॅनोच्या यंत्राची बारीक घरघर येत होती. ते धागे विजेच्या भरवशावर नसतात, इतके दाट आणि बारीक असतात की धूळ त्यांच्यातून सुटतच नाही. धुतलं तरी त्यांचा गुण पुष्कळसा टिकतो. तसल्या कापडाचा एखादा तुकडा मागून आपण बाबासाठी मास्क शिवला असता तर आईच्या साबणानं त्याचं काय बिघडलं असतं, असा विचार तिच्या मनात आला आणि ती रडली. बाप गेला त्या दिवशी चार लोकांत रडता आलं नव्हतं तेवढं रडली.

नवऱ्याला, प्रीतमला, तिनं घरी जाऊन सगळं सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, "तीस वर्षांची धूळ होती. मास्क तर आत्ता आले. नवा घातला असता तरी ते वाचले असतेच असं कोण सांगणार? आईंना कशाला सांगते? त्या बाईच्या जिवाला घोर."

त्याचं खरं होतं. सांगून बाप परत येणार नव्हता. संध्यानं ठरवलं की नाही सांगायचं. अडचण एवढीच की पाकिटं वाटताना आई सगळ्यांना धुवायची रीत सांगेल, आणि धाकटा नागसेन, आयटीआय करून घरी बसलेला, सोमवारपासून बापाच्याच जागी, त्याच यंत्रापाशी कामाला लागणार होता. मिलमालकानं तसं कबूल केलं होतं. आईनं त्याच्यासाठीही बापाचेच दोन मास्क धुऊन दोरीवर टाकले होते.

शनिवारी संध्याकाळी ती अकोल्याला आली ती एक खोटं तयार करूनच. आई अंगणात तांदूळ निवडत होती.

"आई, ती पाकिटं वाटू नको. त्यांची मुदत संपली. औषधाची संपते तशी. मी कारखान्यातून दुसरी आणून मिलमध्ये वाटेन."

आईचा हात थांबला. "मुदत? कापडाले काय मुदत?"

"असते."

आईनं नागसेनला हाक मारली. त्यानं पेटीतलं सगळ्यात जुनं पाकीट काढून उजेडात धरलं, मागची बारीक अक्षरं वाचली. बिचाऱ्याला काय माहीत. "नाई वो आई," तो म्हणाला, "याले तं अजून पुढल्या वर्षापर्यंत काई होत नाई. बाकीचे तं त्याच्याहून नवे हायेत."

आई संध्याकडे बघत राहिली.

"त्यायच्या नावानं चार वस्तू वाटाव्या म्हनलं," आई हळू म्हणाली. "मह्यापाशी दुसरं काय हाये? तुले कमीपना वाटते का, फुकटचे मास्क वाटले म्हनून?"

"तसं नाही गं आई."

"मंग?"

आत्ता सांगावं, असं संध्याला वाटलं. तोंड उघडलंही. पण आईचा तो तांदळातला हात, साबणानं आणि पाण्यानं बोटांची टोकं कायमची सुरकुतलेला, तिला दिसला आणि तिनं तोंड मिटलं. "काही नाही," ती म्हणाली. "वाट तू."

रविवारी समाजमंदिरात लोक जमले. समोर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्यापुढे मेणबत्त्या, बाजूला हार घातलेला जानरावचा फोटो. फोटोतही शर्ट कडक इस्त्रीचा. पंचफुलाबाई पांढऱ्या लुगड्यात पुढे बसल्या होत्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं, बौद्धाचार्यांनी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. मग आदरांजलीचं बोलणं सुरू झालं आणि मिलचे मुकादम देवराव उठले. देवरावांना बोलायला उभं करावं लागतं, बसवणं मात्र कुणाला जमत नाही.

"जानराव अन् म्या संगंच मिलमधी लागलो," देवराव म्हणाले. "तवा आमी तोंडाले दुपट्टा बांधत होतो. मंग त्याच्या पोरीनं मास्क आनले. पन आता खरं सांगतो, मास्क पोरीनं आनला तरी टिकवला तो पंचफुलाबाईनं. आमच्या लोकायचे मास्क चार दिसात कायेकुट्ट. अन् जानरावचा रोज नवा. म्या एक डाव त्याले इचारलं, कावून बापा, पोरगी पेटीच्या पेटी धाडते का? तं तो म्हने, पोरगी म्हनते फेक, बायको म्हनते आन इकडे, धुते. म्या दोघीयलेही हो म्हनतो."

सभेत हशा पिकला. दुःखाच्या कार्यक्रमात असा हशा आला की लोकांना बरं वाटतं. पंचफुलाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्या हसली नाही. बापाला ठाऊक होतं की पोरगी फेकायला सांगते. का सांगते ते मात्र त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि बायकोचं मन मोडायचं त्याच्या जिवावर आलं असेल.

"अन् तुमाले सांगतो," देवराव पुढे म्हणाले, "आता आमच्याकडचे सगये लोक घरी मास्क धुवाले लागले. जानरावचं पाहून."

टाळ्या वाजल्या. बौद्धाचार्य म्हणाले, आता पंचफुलाबाई जानरावांच्या स्मरणार्थ मिलमधल्या बंधुभगिनींना मास्कचं दान करतील. नागसेन पिशवी घेऊन आईच्या शेजारी उभा राहिला. मिलमधली माणसं रांगेत आली. सगळ्यात पुढे होती पार्बताबाई, मिलमध्ये झाडलोट करणारी. धूळ उडते ती सगळी तिच्याच केरसुणीपुढे. पंचफुलाबाईंनी पाकीट तिच्या ओंजळीत ठेवलं.

"रोज धूत जाजो वो बाई," त्या म्हणाल्या. "गरम पानी नको, कोमट. साबन लावून थोडा दाबाचा, पिळाचा नाई. अन् सावलीत..."

"आई, नको," संध्या म्हणाली.

ती कधी उठली हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. माना वळल्या. आता परत बसायची सोय नव्हती.

"मास्क धुवायचा नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "त्याच्या धाग्यांत वीज असते, धूळ तिला चिकटते. पाणी आणि साबण लागला की ती उतरते. मास्क दिसतो पांढरा, पण धूळ अडवत नाही. मी कारखान्यात रोज हेच तपासते. दोन-तीन दिवस घाला आणि फेका. कुणीही धुवू नका."

मग रांगेतला एकजण म्हणाला, "पन जानरावचा तं धुतलेलाच होता." म्हणताना त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं, पण बोलणं बाहेर पडून गेलं होतं. देवरावांनी मान खाली घातली.

पंचफुलाबाई अजून पार्बताबाईसमोरच उभ्या होत्या. काल संध्याकाळचं मुदतीचं बोलणं त्यांना आत्ता उमगलं असावं, कारण त्यांनी लेकीकडे पाहिलं तेव्हा त्या नजरेत राग नव्हता.

"म्हंजे म्या धूत होती," त्या म्हणाल्या, "ते त्यायच्या काईच कामी येत नव्हतं?"

"आई, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना? दुखणं जुनंच होतं."

"म्या डॉक्टरचं नाई इचारून राह्यली. तुले इचारून राह्यली. तू तपासला का?"

"हो."

"मंग सांग."

"निम्मी धूळ आत जात होती, आई."

"अन् या पेटीतला नवा घातला असता तं?"

संध्याला वाटलं, अजूनही काहीतरी सांगावं, आकडा थोडा इकडे तिकडे करावा. पण समोर पार्बताबाई होती, तिच्यामागे सगळी रांग होती, आणि पिशवी धरून नागसेन उभा होता. "अगदी थोडी गेली असती," ती म्हणाली.

पंचफुलाबाई नवऱ्याच्या फोटोकडे बघत राहिल्या. बौद्धाचार्यांनी घसा साफ केला आणि जेवणाची पानं मांडायला हरकत नाही असं कुणाला तरी सांगितलं. बायकांतून एक दोघी त्यांना धरून बसवायला उठल्या. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग पार्बताबाईकडे वळून त्या म्हणाल्या, "धुवू नको वो बाई. म्या धुतला होता."

नागसेनपुढे त्यांनी हात केला. त्यानं दुसरं पाकीट दिलं. पुढच्या माणसाच्या हातात ते ठेवताना त्या म्हणाल्या, "धुवू नका भाऊ. म्या धुतला होता." मग त्याच्या मागच्याला. मग त्याच्या मागच्याला. चाळीशीच्या पुढची माणसं, पोती उचलून खांदे उतरलेली, त्या बाईसमोर येत, पाकीट घेत आणि बोलणं ऐकून घेत. कुणी जय भीम म्हणे, कुणाला तेही म्हणता येत नव्हतं. देवरावांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या ना वैनी, समजलं सगयायले." पंचफुलाबाईंनी ऐकलं नाही. देवरावांनाही तेच वाक्य सांगितलं. आवाज चढवला नाही, आणि एकदाही चुकवला नाही.

संध्या भिंतीला टेकून उभी होती. आईला जाऊन मिठी मारावी असं तिला फार वाटत होतं, पण आईचं काम चाललं होतं आणि ते मधे थांबवायचं तिला धैर्य नव्हतं.

रांग संपली. पिशवीच्या तळाशी काही पाकिटं उरली होती. पंचफुलाबाईंनी त्यातलं एक काढलं आणि नागसेनकडे वळल्या. उद्या सकाळी तो बापाच्या जागेवर उभा राहणार होता. त्याच्यासाठी घरी दोरीवर दोन मास्क टांगलेले होते, हे तिघांनाही ठाऊक होतं. इतक्या वेळ न चुकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"सांजच्याले घरी आला का वापरलेला मह्या हाती दे," त्या म्हणाल्या. "म्या फेकीन."

नागसेननं मान हलवली आणि पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं.